साडेबाराचा वर्ग

सोमवार, १९ मे २०२५

ही डायरी जानेवारीत विमा एजंटाने दिली. चार महिने हिने तिच्यात इस्त्रीचे कपडे लिहिले. आज मी ती मागून घेतली. आधी चादरी आणि माझे सदरे, आणि इथून पुढे मी. इतिहासाच्या प्राध्यापकाला एवढा अनुक्रम चालतो.

आज प्राचार्यांनी बोलावलं होतं. रावसाहेब माणूस वाईट नाहीत, पण वाईट बातमी द्यायची असली की आधी चहा मागवतात. आज चहाबरोबर बिस्किटंही होती, तेव्हाच मी काय ते ओळखलं. संस्थेने ठराव केलाय. १५ जुलैपर्यंत कला शाखेच्या पहिल्या वर्षाला वीस प्रवेश झाले नाहीत तर वर्ग बंद. दुसरं-तिसरं वर्ष संपलं की शाखाच बंद. आमच्या खोल्या बीबीएच्या संगणकांना हव्या आहेत. गेल्या वर्षी आमच्याकडे अकरा जण आले होते.

मी म्हणालो, वीस काय, बावीस आणतो. आणि एक बिस्कीट उचललं. बाहेर आल्यावर माझ्याच तोंडाचं मला नवल वाटलं.

आमचा वर्ग साडेबाराला भरतो. पुण्यात सगळी कॉलेजं सकाळी सातला उघडतात, आमची कला शाखा तेवढी दुपारी. कारण सरळ आहे. मार्केट यार्डाचं काम पहाटे सुरू होतं आणि अकराला उरकतं. हमाल, तोलणार, दिवाणजींकडची पोरं, कांदा निवडणाऱ्या बाया यांना शिकायचं तर तेव्हाच. मी १९९५ साली आलो तेव्हा नऊ नंबरच्या खोलीत चौसष्ट जण होते. दारातून आत पाऊल टाकलं की आज यार्डात काय उतरलंय ते कळायचं. मे महिन्यात आंबा, थंडीत मेथी, आणि कांदा बारा महिने. निम्मे डुलक्या घ्यायचे. मी कुणाला उठवायचो नाही, फक्त महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हणायचो. फार सुंदर दिवस होते ते.

शुक्रवार, २३ मे

तीन दिवस दारोदार हिंडतोय. बजरंगकडे गेलो होतो. १९९७ च्या तुकडीतला, तेव्हा पाठीवर पोती वाहायचा, आता त्याचे स्वतःचे टेम्पो आहेत. मला बघून गल्ल्यावरून उठला, खुर्ची पुसली. मी म्हणालो, ओळखीतलं कुणी असेल तर आमच्याकडे पाठव.

"सर, आर्ट्सला घाला म्हटलं की लोक विचारतात, पोराला काही आजार आहे का," तो म्हणाला. मग दोघंही हसलो. त्याचा स्वतःचा मुलगा वाघोलीला इंजिनिअरिंगला आहे.

निघताना त्याने 'घराचा इतिहास' या वहीचा विषय काढला. पहिल्या वर्षाला मी सगळ्यांना तो लिहायला लावतो. पुस्तक उघडायचं नाही, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर बसायचं, विचारायचं आणि वीस पानं लिहायची. तुम्ही इथे कुठून आलात, का आलात, येताना काय सोडलंत. बजरंगने चाळीस पानं लिहिली होती. आजोबा विहीर खणायच्या कामाला पुण्यात आले, ती विहीर कुठे होती ते शोधत तो आठ दिवस फिरला होता. आता तिथे पार्किंग आहे म्हणाला. वही अजून कपाटात आहे त्याच्या.

मी घरी आलो ते हवेत चालतच. ही म्हणाली, प्रवेश किती मिळाले? म्हटलं, एकही नाही.

मंगळवार, २७ मे

आज एक मिळाला, आणि कसला! मुक्ताई नाव. चौतीस वर्षांची, माहेर लोणी काळभोरचं. यार्डात कांदा निवडते. रात्रशाळेतून बारावी झालीय, दोन वर्षांपूर्वी. यार्डाच्या मागच्या वसाहतीत चार वाजता गेलो. ती दारात उभी राहून कुणाशी तरी फोनवर बोलत होती, हातानेच बसा म्हणाली. घर छोटं, पण भांडी अशी लावलेली की आमच्या घरी दाखवायला न्यावीत.

तिचा एकच प्रश्न होता. "दुपारचाच वर्ग हाय ना सर? सकाळचं मला जमायचं न्हाई. यार्ड सुटलं तर घर सुटलं."

मी शब्द दिला. दुपारचाच. तीस वर्षं दुपारचा आहे, पुढेही दुपारचाच राहील. पदवी झाली की माथाडी मंडळाच्या कचेरीत चिकटेल बिचारी. या वर्गातून शिकायचं ते त्यासाठीच, आणि त्यात वाईट काही नाही.

बुधवार, ११ जून

संख्या अकरावर. गुलटेकडीच्या एका चाळीत तिघं मिळाले. शिलाईकाम करणाऱ्या सकीनाबाईंनी मुलगी अफशीनला पाठवायचं कबूल केलं, कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर आहे एवढ्याच कारणावर. इतिहासाचं आकर्षण शून्य. चालेल.

यंदा अर्ज ऑनलाइन. संस्थेचं नवं पोर्टल आहे. बीबीएला शिकवणारी स्पृहा म्हणून एक तरुण बाई आहे, तिने विचारलं, सर, अर्ज मी भरून देऊ का? म्हटलं, तुमच्या पोरांचे भरा, माझ्यांचे मला तीस वर्षं भरायची सवय आहे. तिला लागलं असावं. पण आजकालच्या पोरींना वाटतं, संगणक यांच्याच आजोळचा.

सवय खरंच आहे. पूर्वी अर्जावर पत्ता लिहायचा असे आणि निम्म्या पोरांना पत्ताच नसे. कुणी गाळ्यात झोपायचा, कुणी मुकादमाच्या पडवीत. मग मी लिहायचो, द्वारा प्रा. दत्तप्रसाद, गुलटेकडी. विद्यापीठाची सगळी पत्रं आमच्या घरी. जूनमध्ये पोस्टमन पिशवीच रिकामी करायचा. ही ओट्यावर बसून नावानिशी गठ्ठे लावायची आणि दुपारी पोरं गुणपत्रिका न्यायला यायची. पास झालेला तिच्या पाया पडायचा, नापास झालेल्याला दोन लाडू जास्त. एका वर्षी एकोणतीस जणांचा पत्ता आमचं घर होता. आम्हाला मूलबाळ नाही, पण ते दोन महिने कुणाला तसं वाटलं नसतं.

पोर्टलवर पत्त्याऐवजी मोबाईल नंबर लागतो, त्यावर आकडे येतात, ते टाकले की पुढचं पान. आता या पोरांकडे कुठला धड नंबर असायला? आज आहे, उद्या रिचार्ज नाही. मी सरळ माझाच टाकला. दुसऱ्या अर्जाला एक पिवळी पाटी आली, या क्रमांकावर आधी नोंदणी आहे, पुढे जायचे का? मी 'होय' दाबलं. पुढे गेलं. प्रत्येक वेळी पाटी यायची, प्रत्येक वेळी 'होय'. यंत्राला शंका फार, पण ऐकतं.

शनिवार, २८ जून

सतरा झाले. बाराजणांचे अर्ज मी भरले, पाचजणांनी बाहेर सायबर कॅफेत भरले. पाय सुजलेत. ही रात्री कोमट पाण्यात मीठ घालून देते.

मोबाईलला मात्र ऊत आलाय. दिवसातून चार-पाच संदेश, 'प्रिय अर्जदार' म्हणून सुरू होणारे, इंग्रजीत. क्रेडिट कार्डवाले असणार, त्यांना मी फार प्रिय आहे. ही म्हणाली, एखादा वाचून तरी बघा. म्हटलं, एकदा वाचला की ते जास्त पाठवतात. आवाज बंद करून टाकला.

मंगळवार, १५ जुलै

बावीस!

चौदा माझ्या हातचे, आठ बाहेरचे. संध्याकाळी सहाला पोर्टल बंद झालं तेव्हा मी लॅबमध्ये एकटाच होतो आणि खरं सांगायचं तर डोळ्यांत पाणी आलं. शेवटचा अर्ज पृथ्वीराज नावाच्या मुलाचा, पावणेसहाला. फुलबाजारात हार करतो. जाताना मला झेंडूचा हार देऊन गेला. मी तो नऊ नंबरच्या फळ्याला घातला.

घरी पेढे नेले. हिने एक देवापुढे ठेवला आणि म्हणाली, आता तरी चपला बदला. मी नव्याण्णव सालचा समूहफोटो काढून बसलो. एकेकाचं नाव आठवत गेलो, त्रेपन्नपैकी एक्कावन्न आठवले.

गुरुवार, १७ जुलै

प्राचार्यांच्या टेबलावर चहा होता. यादी संस्थेकडून आली. कला, प्रथम वर्ष, ग्राह्य अर्ज नऊ.

मी म्हणालो, बावीस आहेत. ते म्हणाले, यादी मी केलेली नाही. मी म्हणालो, कुणीतरी केली असेल ना? आवाज चढला माझा, शिपाई आत डोकावला. ठराव कायम. वर्ग बंद.

हा कट आहे. त्यांना खोल्या हव्या होत्या. प्राध्यापक संघटनेने निवेदन तयार केलंय, संस्थेने जाणीवपूर्वक अर्ज दडपले म्हणून. पहिली सही माझी. वर्तमानपत्राला पत्रही लिहिलंय, उद्या टाकतो. गरिबांच्या पोरांना कुणी वाली नाही, असं शेवटचं वाक्य आहे. बरं जमलंय.

शनिवार, १९ जुलै

पत्र टाकलं नाही.

दुपारी स्पृहा घरी आली. कधी आली नव्हती. म्हणाली, सर, तुमचा मोबाईल बघू? बराच वेळ खाली मान घालून बघत राहिली. मग तिने तो माझ्यासमोर धरला आणि एकेक संदेश मराठीत सांगितला. प्रिय अर्जदार, एका मोबाईल क्रमांकावर एकाच विद्यार्थ्याचा अर्ज ग्राह्य धरला जाईल. आपला अर्ज दुबार समजला गेला आहे. चोवीस तासांत स्वतःचा क्रमांक नोंदवावा, अन्यथा अर्ज रद्द. असे तेरा. प्रत्येकाच्या नावाने वेगळा. नंतर पुन्हा आठवणीचे. नवा अर्ज भरला की आधीचा दुबार, म्हणून चौदातला शेवटचा तेवढा राहिला, पृथ्वीराजचा, आणि बाहेरचे आठ. नऊ.

मी विचारलं, तुम्हाला कसं सुचलं? ती म्हणाली, तुम्ही मदत नको म्हणालात तेव्हाच मी जरा आग्रह करायला हवा होता. तिने माझी बाजू सावरून घेतली, हे मला तेव्हा कळलंसुद्धा नाही. ही आतून चहा घेऊन आली. मी घेतला नाही.

कट नव्हता. कुणी दडपलं नाही. तेरा अर्ज मी मारले.

सोमवार, २१ जुलै

रविवारभर विचार केला की गप्प बसावं. संघटनेचं निवेदन गेलेलं आहे, लोक माझ्या बाजूने बोलतायत, भाजीवालासुद्धा काल म्हणाला, सर, तुमच्यावर अन्याय झाला. निवृत्तीपर्यंतचं सव्वा वर्ष असं काढता आलं असतं. हिला विचारलं. ती म्हणाली, तुम्ही पोरांना काय शिकवायचात, ते मला माहीत नाही, मी कधी तुमच्या वर्गात आले नाही. आणि कणीक मळायला लागली.

सकाळी प्राचार्यांना सगळं सांगितलं. आज चहा नव्हता. त्यांनी डोळे मिटून ऐकलं, संस्थेला माझ्यासमोर फोन लावला, अर्धा तास बोलले. मी त्यांना उगाच इतकी वर्षं भित्रा समजत होतो. उपयोग झाला नाही. मुदत गेली, खोल्यांच्या कामाचं कंत्राट देऊन झालं. फोन ठेवून म्हणाले, "दत्तप्रसाद, आपण चौदा माणसांचं एक माणूस केलंत. त्यांनी एकच मोजलं."

सही मागे घेतली. संघटनेच्या खोलीत कुणी माझ्याकडे बघितलं नाही.

बुधवार, २३ जुलै

तेरा घरी जाऊन सांगायचं ठरवलंय. कालपासून पाच झाली. एक मुलगा म्हणाला, बरं झालं सर, मला मोबाईल दुरुस्तीचा कोर्स करायचाच होता. सकीनाबाईंनी शिलाई न थांबवता ऐकलं. अफशीन आतल्या खोलीत होती, बाहेर आली नाही.

मुक्ताईकडे जायला पाय उचलत नव्हता, तर तीच आली. आज साडेबाराला. वर्ग सुरू होणार म्हणून मीच तिला आजची तारीख दिली होती. नवी साडी, हातात दोनशे पानी वही. नऊ नंबरमध्ये कामगार बाकं उचलत होते. मी तिला व्हरांड्यात बसवलं आणि सांगितलं. पोर्टल, नंबर, पिवळी पाटी, काही राखून ठेवलं नाही. म्हणालो, तुम्हा लोकांकडे नंबर नसेल असं मला वाटलं.

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही, मी काय बोलतोय ते नीट कळावं म्हणून.

"फोन हाय की सर माझ्याकडं. सहा वर्षं झाली, तोच नंबर हाय. तुम्ही घरी आलता तवा फोनवरच तर बोलत हुते." मग म्हणाली, "तुम्ही इचारलंच न्हाई."

घरी येऊन या डायरीत मागे बघितलं. २७ मे. माझ्याच अक्षरात आहे. दारात उभी राहून फोनवर बोलत होती.

तीस वर्षांपूर्वीच्या पोरांना पत्ता नव्हता, म्हणून मी माझा दिला. ते चुकलं नव्हतं. पण मग मी तिथेच राहिलो, आणि समोर आलेल्या प्रत्येकात तीच पोरं बघत राहिलो. त्यांचा इतिहास मी वीस-वीस पानं लिहून घ्यायचो आणि त्यांचा वर्तमान मला माहीत नव्हता. लाज वाटते, दुसरा शब्द नाही.

मंगळवार, २९ जुलै

तेराही घरं झाली. आठजण कुठे ना कुठे लागलेत, चौघांनी यंदा सोडून दिलं, मुक्ताईचं अजून काही ठरलेलं नाही. सोडून दिलेल्यांत अफशीन आहे. चालत जाण्याच्या अंतरावर दुसरं कॉलेज नाही.

मला सकाळी साडेसातला बीबीएच्या मुलांना 'मूल्यशिक्षण' शिकवायला दिलंय. साठ मुलं, सगळी जागी. कुणाच्या अंगाला कसला वास येत नाही. बोलताना मी महत्त्वाचं वाक्य दोनदा म्हटलं तर एकजण म्हणाला, सर, हे झालं.

गुरुवार, ३१ जुलै

मुक्ताईसाठी काय करता येईल म्हणून अकराला यार्डात गेलो. कांद्याच्या गाळ्यापुढे बायका सुपं झाडून निघायच्या बेतात होत्या. मी तिच्यासाठी तीन कॉलेजांची माहिती कागदावर काढून नेली होती. तिने कागद घडी करून कमरेला लावला आणि सांगितलं की तिचा प्रवेश झालाय. तिचा तिनेच घेतला, फोनवरून. हडपसरला, कॉमर्सला, सकाळी सातचा वर्ग. तिथली कला शाखा दोन वर्षांपूर्वीच बंद झाली. तिची जाऊ सकाळी तिच्या जागी बसेल आणि मुक्ताई दुपारी उशिरा येणाऱ्या गाडीचा माल निवडेल. मजुरी निम्म्यावर येईल, पण भागेल म्हणाली.

मी म्हणालो, छान झालं, मंडळाच्या नोकरीला कॉमर्स उलट बरंच. ती म्हणाली, कुठली नोकरी?

मग ती पोत्यावर बसली. मीही शेजारच्या पोत्यावर बसलो. तिने जे सांगितलं ते इथे जसंच्या तसं लिहून ठेवतो, पुढे मी माझ्या शब्दांत बदलीन म्हणून.

"माझ्या आईनं कांदा निवडला, सासूनं बी निवडला. त्याच्या आधी आमची माणसं काय करत हुती, कुठनं आली, मला कायबी ठाव न्हाई. सासू आता शहाऐंशीची हाय, तिला सगळं आठवतं पण इचारायचं कसं ते मला जमत न्हाई. बजरंग शेठच्या गाळ्यावर ऐकलं हुतं, तुमच्या वर्गात ते लिहायला लावतात. म्हून मी बारावी केली सर. आता मला कोण लिहायला लावणार?"

हमाल शेवटची पोती लावत होते, आमच्या दोघांमुळे त्यांचा खोळंबा होत होता, पण कुणी उठा म्हणालं नाही. शेवटी मी म्हणालो, घरी या, आपण लिहू. कॉलेज नसलं म्हणून काय झालं. रविवारी सकाळी या, निवांत.

"रविवारी तर यार्डात सगळ्यात जास्त माल असतो," ती म्हणाली.

तीस वर्षं मी या यार्डाच्या भिंतीला लागून शिकवलं. माझ्या डोक्यात दुसरा वार तयार होता, तो मी गिळला.

"तुम्हाला कधी जमेल?" मी विचारलं.

"शनिवारी. शनिवारी यार्ड बंद असतं. सासूला घेऊन येते."